टाकी हौसेची, राखण कुणाची?

रंगीत माशांची टाकी आता आपल्या गावांमधून काही नवलाची राहिली नाही. डॉक्टरांच्या दवाखान्यात असते, सराफाच्या दुकानात असते, वास्तूला चांगली म्हणून हॉलच्या कोपऱ्यातही असते. पण हल्ली गोड्या पाण्यातल्या माशांवर भागत नाही. मोबाइलवर निळ्या उजेडात डोलणारे समुद्रातले प्रवाळ दिसले की मुलं हट्ट धरतात, आणि खरं सांगायचं तर मुलांच्या बाबांनाही ते हवेच असतात. मग खाऱ्या पाण्याची टाकी, त्यात ‘सॉफ्ट कोरल’ म्हणजे मऊ प्रवाळ, आणि हे सगळं कधी? तर पुढच्या आठवड्यात वास्तुशांत आहे, त्याच्या आत!

माझ्या एका मैत्रिणीकडे अगदी असंच झालं. दुकानदाराने टाकी, वाळू, मीठ, दोन मासे आणि प्रवाळाचे तीन तुकडे एकाच दिवशी आणून लावून दिले. पाहुण्यांनी तोंडभर कौतुक केलं. दहा दिवसांत मासे गेले, प्रवाळ आक्रसून त्यांचा बुळबुळीत गोळा झाला आणि घरभर वास सुटला. त्यावर तिला काय ऐकावं लागलं? ‘दिवसभर घरीच तर असतेस, जरा लक्ष नको का द्यायला?’ आता तिने डोळ्यांत तेल घालून लक्ष दिलं असतं तरी काही होणार नव्हतं. त्या पाण्यात जीव जगणारच नव्हता.

म्हणून माझं म्हणणं असं, की जिच्या गळ्यात पुढे ही टाकी पडणार (आणि बहुतेक घरांत ती कुणाच्या गळ्यात पडते ते सांगायला नको), तिला विचारल्याशिवाय ती घरात येऊ नये. आणि आलीच, तर त्यात पहिला जीव कधी सोडायचा ते तिनेच ठरवावं. ‘मला बाई त्यातलं काय कळतंय’ म्हणून मागे सरू नका. यातलं निम्मं शास्त्र आपल्या ओट्यावरचंच आहे.

विरजणच घ्या ना. माशाची घाण, उरलेलं खाणं, जे काही कुजतं त्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि ते थोडंफार असेल तर मऊ प्रवाळ खपवून घेतात. नव्या कोऱ्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतातच. दगडांच्या भोकांत, वाळूत त्यांची वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहूनही जास्त. कुणाच्या चांगल्या चाललेल्या टाकीतला ओला दगड मिळाला तर तो विरजणाचं काम करतो, पण विरजण घातलं म्हणून दही काही तासाभरात लागत नाही. जिवाणूंना खाणं हवं म्हणून या दिवसांत पाण्यात कोळंबीचा लहानसा तुकडा टाकतात. पाणी तपासायचं थेंबांचं किट मिळतं. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढतं आणि उतरतं. दोन्ही शून्यावर येऊन तिथेच राहिली, की पाणी तयार झालं म्हणायचं. ‘तोवर स्वस्तातला एखादा मासा सोडू’ असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. त्या मुक्या जिवाला महिनाभर विषात कशाला पोहायला लावायचं?

या रिकाम्या दिवसांत वाळूवर तपकिरी थर चढतो, मग काचेवर हिरवं शेवाळ येतं. येणारा-जाणारा म्हणणार, ‘अगं, घासून काढ की!’ आपले हातही शिवशिवतात. पण साबण, भांड्यांची पावडर यातलं काही टाकीजवळ नेऊ नका. दगड-वाळू नळाखाली धुऊ नका. झालेली वस्ती त्याने मरते.

आता मीठ. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे शंभर लिटरच्या टाकीला साडेतीन किलो. पण ते आपलं डब्यातलं मीठ नव्हे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असे बरेच क्षार असलेलं वेगळं मीठ मिळतं. पाणी नळाचं चालत नाही, क्लोरिन असतं. आरओचं घ्यावं, पण घरच्या पुष्कळ आरओ यंत्रांत चवीसाठी मूळ पाणी थोडं मिसळायची सोय असते, ते आधी बघा. आणि एक फार महत्त्वाचं: तांब्याचा हंडा, कळशी, तांब्या यातलं पाणी टाकीत अजिबात नको. आपल्याला गुणकारी असलेलं तांबं प्रवाळाला मारतं.

पाणी रोज उडून कमी होतं, मीठ मात्र मागे राहतं. आमटी आटली की आपण वरून मीठ घालतो का? पाणीच घालतो. इथेही रोज गोडं आरओचं पाणीच घालायचं. एवढं साधं, पण भल्याभल्या हौशी पुरुषांना ते कळायला एक टाकी गमवावी लागते!

अंगठीतलं पोवळं आपल्याला ठाऊक असतं. मऊ प्रवाळ त्याचंच दूरचं भावंड, फक्त याला दगडी सांगाडा नाही. तो वनस्पती नाही, प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं आणि ते उजेडावर अन्न तयार करून यजमानाला भरवतं. पाणी साधारण २४ ते २६ अंशांवर असावं. फार तापलं की शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. २०२४ साली लक्षद्वीपच्या समुद्रात हेच झालं. समुद्राची ही गत, तर जळगाव-चंद्रपूरच्या मे महिन्यात आपल्या हॉलमधल्या शंभर लिटरचं काय होईल? पाण्यावर पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात, बस. पुढे चिलर हवा, म्हणजे आणखी खर्च, शिवाय वीजबिल. आणि वीज गेली, पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू घटत जातो. बॅटरीवरचा हवेचा पंप हवाच.

एक धोका दुकानात बहुधा कुणी सांगत नाही. ‘झोआ’ म्हणून फुलांसारखे दिसणारे जीव मऊ प्रवाळांबरोबर विकतात. त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. ते उघड्या हाताने कापू नयेत. आणि टाकीतला दगड ‘स्वच्छ करू’ म्हणून गॅसवर उकळायला तर मुळीच ठेवू नये. त्या वाफेने घरची घरं आजारी पडल्याची उदाहरणं परदेशात आहेत.

माल कुठून आला हेही विचारा. कठीण प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. सहलीला गेल्यावर किनाऱ्यावरून उचलून पिशवीत घालायची ती वस्तू नाही. प्रवाळ बघायचीच हौस असेल तर आपलं मालवण आहे. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. पाण्यात उतरा, फक्त प्रवाळांवर पाय देऊ नका.

आणि घरीच हवं असेल, तर दिवाळीत तुम्ही आठ दिवस माहेरी जाल तेव्हा रोजचं पाणी कोण घालणार, हे पैसे देण्याआधी घरात विचारा. उत्तर ऐका आणि मगच टाकीचं माप घ्यायला माणूस बोलवा.