सायकल तिच्याकडेच राहू द्या

शाळेच्या वेळी हिंगोली, कळमनुरी किंवा वसमतच्या रस्त्यावर थोडं थांबून पाहा. पाठीला दप्तर, ओढणी नीट खोचलेली, अशा मुली खेड्यांतून सायकलने येताना दिसतात. यातल्या कितीतरी सायकली शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या. अंतरामुळे आठवी ते बारावीच्या मुलींची शाळा सुटू नये, हा त्यामागचा हेतू.

पण शिक्षण थांबलं की ती सायकल भावाकडे जाते, नाहीतर ओसरीत गंजते. "आता मोठी झालीस," एवढं एक वाक्य पुरतं.

अफगाणिस्तानच्या फरयाब प्रांतातल्या फरीबा आणि युल्दुझ हाशिमी या सख्ख्या बहिणी. पहिल्या शर्यतीत त्या खोटी नावं सांगून, सैल कपडे आणि गॉगल घालून उतरल्या. घरी कळलं तेव्हा अम्मी-अब्बूंनी आधी थांबायला सांगितलं, पुढे मात्र तेच पाठीशी उभे राहिले. २०२१ साली सत्ता बदलली आणि दोघींना देश सोडून इटलीला जावं लागलं. २३ ऑक्टोबर २०२२ रोजी स्वित्झर्लंडमधल्या एग्ल गावी अफगाण महिलांची राष्ट्रीय शर्यत झाली, ५७ किलोमीटरची. फरीबा पहिली, युल्दुझ दुसरी! २०२४ साली दोघी पॅरिस ऑलिम्पिकच्या रोड रेसमध्ये धावल्या. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची ही शर्यत पहिल्यांदा १८९६ मध्ये झाली. महिलांना ती १९८४ मध्ये मिळाली.

एका दिवसाच्या या शर्यतीत सगळ्या एकत्र निघतात. पुढची वारा अंगावर घेते, मागचीला कमी जोर लागतो. म्हणून जोडीदारणी आळीपाळीने पुढे येतात. एकटीच्या पायांतली ताकद अनेकदा पुरत नाही.

आपल्या लेकीसमोरचा वारा म्हणजे लोकांचं बोलणं. तो आधी आपण अंगावर घ्यायला हवा. तिने ऑलिम्पिकलाच जावं असं नाही. कॉलेज, शिवणक्लास, दवाखाना, बाजार, इथे तिला कुणाची वाट न पाहता जाता आलं तरी पुष्कळ झालं.

ओसरीतली सायकल आज बाहेर काढा. हवा भरा, ब्रेक तपासा, साखळीला तेल द्या. आणि भावाला सांगा, ही बहिणीची आहे.