थोडं रंगवलं असेल

रविवारी सकाळी मिसळ आणि मिसळीनंतर पुस्तक, असा आमचा महिन्यातून एकदाचा कार्यक्रम असतो. आम्ही सात जण. तिघे माझ्यासारखे लॅपटॉपबडवे, एक बँकेत, एक अंबडच्या कंपनीत, आणि दोघी कॉलेजात शिकवतात. विकांताला दुसरं काही सुचत नाही म्हणून सुरू झालेलं हे प्रकरण चक्क दोन वर्षं टिकलंय.

नाशकात पुस्तकं मिळत नाहीत अशी तक्रार करायची सोय नाही. सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे. शिवाय विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे 2009 साली सुरू केलेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्या वाचकांच्या गटांमध्ये फिरत असतात. आमची अडचण वेगळी. डोकी सात आणि प्रत एक! त्यामुळे पुस्तक ठरवताना वाद ठरलेला, आणि त्यातला कायमचा वाद म्हणजे कादंबरी घ्यायची की आत्मचरित्र?

मी आत्मचरित्रवाल्या पार्टीत. माझं म्हणणं साधं होतं. कादंबरीवर बोलायला थोडं साहित्य कळावं लागतं, आत्मचरित्रावर कुणीही बोलू शकतो. माणसाचं आयुष्य आहे, त्यात न कळण्यासारखं काय असतं? आता हे वाक्य आठवलं की कसंतरीच होतं.

पहिलं मोठं पुस्तक घेतलं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. बाई आपल्याच भागातल्या, गोदाकाठच्या जलालपूरच्या. पहिला भाग 1934 चा, पण वाचताना वाटतं शेजारच्या आजी ओट्यावर बसून सांगताहेत. रेव्हरंड टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, नवरा-बायको काही वर्षं वेगळी राहिली, मग 1900 मध्ये बाईंनीही बाप्तिस्मा घेतला. बस्स, आम्हाला तेवढंच पुरलं. दोन तास टिळकांवर खटला चालला. बायकोला असं वाऱ्यावर सोडणं बरोबर का? बाईंनी परत जायला हवं होतं का? निम्मे वकील इकडे, निम्मे तिकडे. मजा आली, पण घरी जाताना लक्षात आलं की पुस्तकावर आपण बोललोच नाही. एवढ्या हालात बाई हसतात कशा, स्वतःची फजिती नवऱ्याच्या फजितीइतक्याच चवीने कशा सांगतात, मनातली सोवळ्याओवळ्याची गाठ हळूहळू सुटत गेली ते किती प्रामाणिकपणे लिहितात, यावर एक अक्षर नाही. बाईंनी आमच्याकडे निकाल मागितलाच नव्हता. आम्ही मात्र न्यायाधीश होऊन बसलो.

खरा दणका पुढे बसला. दया पवारांचं 'बलुतं' (1978) घेतलं. एका बाजूला अकोले तालुक्यातलं धामणगाव, दुसऱ्या बाजूला मुंबईतला कावाखाना. सिन्नर ओलांडून पुढे गेलं की अकोले काही फार लांब नाही. चर्चा रंगात आली होती आणि मी, आपण काहीतरी समतोल बोलतोय अशा थाटात, म्हणालो, "एवढं सगळं एकाच माणसाच्या वाट्याला? थोडं रंगवलं असेल."

अंबडच्या कंपनीतला आमचा मित्र तोवर गप्प होता. तो शांतपणे म्हणाला, "आमच्या घरी उलट म्हणतात. पवारांनी बरंच गाळलंय."

पुढे कुणी फारसं बोललं नाही. चहा झाला, पांगलो. पुढचे दोन महिने तो आला नाही. फोन केला की "शिफ्ट आहे रे" म्हणायचा. दोन वर्षं आम्ही एकाच टेबलावर मिसळ खात होतो आणि त्याच्या घरी या पुस्तकाबद्दल काय म्हणतात हे मी कधी विचारलं नव्हतं.

आमच्या हापिसात कोड रिव्ह्यूचा एक नियम आहे. दोष कोडमधले काढायचे, कोड लिहिणाऱ्याचे नाही. मला आधी वाटलं, आत्मचरित्रात हे जमणारच नाही, तिथे लिहिणारा आणि लिहिलेलं एकच. पण 'बलुतं' पुन्हा वाचलं आणि कळलं की तसं नाही. तिथे दगडू पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच माणसाचे दोन तुकडे, एक भोगणारा आणि एक लिहिणारा. म्हणजे रचना आहे, निवड आहे. त्यावर खुशाल बोलावं. हा भाग लांबला, ही तुलना जमली नाही, इथे लेखक स्वतःला सोडून देतो, असं म्हणायचा वाचकाला पूर्ण हक्क आहे. मी मात्र यातलं काहीच म्हणालो नव्हतो. मला न आलेला अनुभव खोटा असणार, एवढंच माझं मत होतं, आणि ते मी समीक्षेच्या नावाखाली खपवलं.

कादंबरीत आम्ही नेमका उलटा घोळ घालतो. 'कोसला'त (1963) पांडुरंग सांगवीकर 'मी' म्हणून बोलतो. लगेच आमच्यातले निम्मे म्हणाले, हे नेमाड्यांचंच आयुष्य आहे, यात रंगवलेलं काही नाही! म्हणजे कादंबरीवर डोळे मिटून विश्वास आणि आत्मचरित्रावर संशय. त्यातही सांगवीकरवर विश्वास का, तर त्याचं हॉस्टेल, मेस, बापाच्या पैशांची उधळपट्टी आम्ही स्वतः केलेली. जे आपलं ते खरं. ज्या गावकुसाबाहेर आपण कधी गेलोच नाही, तिथलं सगळं रंगवलेलं.

म्हणून माझं आताचं मत असं, की चर्चेला कादंबरी घ्या नाहीतर आत्मचरित्र, फार फरक पडत नाही. फरक पडतो तो प्रश्नांनी. 'हे खरं असेल का' याऐवजी 'यात काय सांगितलंय, काय गाळलंय, आणि कुणासाठी' हे विचारावं. आणि ज्याच्या घराजवळून ते पुस्तक जातं, त्याला आधी बोलू द्यावं. त्याला बोलायचं नसेल तर तेही चालेल. त्याने दर वेळी आमची शिकवणी घ्यावी असं थोडंच आहे.

तिसऱ्या महिन्यात तो आला. मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "मिसळ मागव." असो. एवढ्याने सगळं मिटलं असं मी समजत नाही.

पुढचं पुस्तक त्यानेच निवडलंय. आनंद यादवांचं 'झोंबी', 1987 चं. काही लोक याला कादंबरी म्हणतात, काही आत्मचरित्र. त्याने मुद्दाम निवडलं की काय, विचारायची हिंमत झाली नाही. :) प्रती दोनच मिळाल्यात. कुणाकडे जास्तीची असेल तर कळवा, कव्हर घालून वेळेवर परत करू.