समन्वयक कोणाचा?

शहराचा जुना, दाटीवाटीचा भाग नव्याने वसवावयाचा असे एकदा ठरले की, अलीकडे पहिली जाहिरात निघते ती सल्लागाराच्या नेमणुकीची. 'प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार' असे भारदस्त नाव धारण करणारी ही व्यक्ती वा कंपनी शासनाची नोकर नसते. तिला निवडणूक लढवावी लागत नाही आणि बदलीची धास्तीही नसते. कराराच्या मुदतीपुरती ती येते, निरनिराळ्या खात्यांत मेळ घालते, आराखडा मांडते, गुंतवणूकदार जमवते आणि ठरलेला मोबदला घेऊन निघून जाते. ही पद्धत गेल्या दोन दशकांत इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्या योग्यायोग्यतेचा विचार करण्याची गरजही कोणाला वाटेनाशी झाली आहे. मुंबईतील धारावीचा पुनर्विकास हा या पद्धतीचा आपल्या राज्यातील सर्वांत मोठा आणि सर्वांत लांबलेला प्रयोग होय. म्हणून त्याची हकिकत केवळ मुंबईकरांनी नव्हे, तर जुनी गावठाणे आणि पेठा असलेल्या प्रत्येक शहराने लक्षपूर्वक वाचावी अशी आहे.

मुळात बाहेरचा समन्वयक लागतोच कशाला? या प्रश्नाचे उत्तर शासनयंत्रणेला लाज आणणारे आहे. सुमारे अडीच चौरस किलोमीटरच्या धारावीत बरीचशी जमीन महापालिकेची, काही शासनाची, काही खाजगी. लगतच रेल्वेची जमीन. उत्तरेला मिठी नदी, म्हणजे सागरी किनारा नियमनाचा प्रश्न. पुनर्वसन झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे, घरबांधणी म्हाडाकडे, पलीकडील वांद्रे-कुर्ला संकुल एमएमआरडीएकडे. एका गल्लीतील गटाराची दिशा बदलावयाची, तर चार कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागतात आणि चारही ठिकाणी फाईल 'अभिप्रायार्थ' पडून राहते. १९८५ साली पंतप्रधान अनुदान योजनेतून मुंबईच्या वाट्याला १०० कोटी रुपये आले आणि त्यांतील मोठा हिस्सा धारावीसाठी ठेवण्यात आला. काही इमारती उभ्या राहिल्या, रस्ते रुंद झाले. पण वस्तीचे एकंदर चित्र पालटले नाही. पुढे १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले. विकासकाने मोफत घरे बांधून द्यावीत आणि उरलेल्या चटईक्षेत्रातून आपला खर्च व नफा काढावा, ही त्यामागची कल्पना. धारावीत तिची अंमलबजावणी तुकड्या-तुकड्यांनी झाली. प्रत्येक विकासकाने आपल्या भूखंडापुरते पाहिले. शाळा, मैदान, दवाखाना, मलनिस्सारण यांचा विचार करणे हे कोणा एकाचे काम नव्हते, आणि म्हणून ते कोणीच केले नाही.

या पार्श्वभूमीवर २००४ साली राज्य शासनाने धारावी पुनर्विकास योजनेला मान्यता दिली आणि वास्तुविशारद मुकेश मेहता यांची सल्लागार म्हणून नेमणूक झाली. मेहता अमेरिकेत शिकलेले आणि तेथे बांधकाम व्यवसाय केलेले गृहस्थ. धारावीकडे सुट्या भूखंडांची बेरीज म्हणून न पाहता एक सलग नगर म्हणून पाहावे, हा आग्रह त्यांनी कित्येक वर्षे धरला होता आणि तो आग्रह योग्यच होता. पाच विभाग, प्रत्येक विभागाला एक मोठा विकासक, आणि त्या विकासकावर घरांबरोबरच शाळा, रस्ते व रुग्णालये यांचीही जबाबदारी, अशी त्यांची मांडणी होती. २००७ साली जगभरातील विकासकांना आमंत्रण देणाऱ्या जाहिराती झळकल्या. एकोणीस समूह छाननीत पात्र ठरले. कागदावर सर्व काही नेटके होते.

अडचण कागदाबाहेर होती. धारावीत नेमके किती लोक राहतात, कोणत्या जागेत कोणता धंदा चालतो, मालक कोण, भाडेकरू कोण, याची सविस्तर मोजणी निविदेच्या आमंत्रणापूर्वी झालेलीच नव्हती. ती पुण्याच्या 'मशाल' या संस्थेमार्फत सुरू झाली ती जाहिराती निघाल्यानंतर, रहिवाशांचा असंतोष रस्त्यावर आल्यावर. एरवी झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेला सत्तर टक्के रहिवाशांची संमती लागत असे. हा प्रकल्प शासनाचा, म्हणून येथे ती अट नव्हती! ज्यांची घरे पाडावयाची, त्यांच्या संमतीवाचून जगभरच्या गुंतवणूकदारांची संमती मागण्यात आली, हा क्रमच उफराटा होता. त्यातच २००८ ची जागतिक मंदी आली. मुदती वाढत गेल्या, एकेक समूह काढता पाय घेऊ लागला. २००९ साली माजी मुख्य सचिव द. म. सुखटणकर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने मुख्यमंत्र्यांना खुले पत्र लिहून, पुनर्वसनाच्या आवरणाखाली हा जमीन बळकावण्याचा सफाईदार प्रकार ठरेल, अशा कठोर शब्दांत इशारा दिला. ही समिती कोणा विरोधी पक्षाची नव्हती. शासनानेच नेमलेली होती. २०११ साली पाचवा विभाग म्हाडाकडे सोपविण्यात आला, सल्लागाराची कामगिरीही संपुष्टात आली. म्हाडाकडूनही काही इमारतींपलीकडे मजल गेली नाही.

या अपयशाचे खापर एकट्या सल्लागाराच्या माथी फोडणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. नकाशा काढणे, आकडेमोड करणे, खात्यांच्या बैठका लावणे, गुंतवणूकदारांशी बोलणे ही सल्लागाराची कामे. परंतु कुंभारवाड्यातील कुंभाराला 'तुझी भट्टी कोठे जाईल' हे सांगण्याचा अधिकार त्याला नसतो. सौराष्ट्रातून आलेल्या या कुटुंबांची घरे आणि कारखाने एकच आहेत. पुढच्या पडवीत माती मळायची, मागच्या अंगणात चार घरांनी मिळून भट्टी लावायची, माळ्यावर निजायचे. अशा कुटुंबाला सातव्या मजल्यावर सदनिका दिली, तर घर मिळते आणि पोट जाते. चामड्याच्या वस्तू शिवणारे, तेरा कंपाउंडमध्ये प्लास्टिक निवडणारे, धारावी कोळीवाड्याचे मूळ रहिवासी या प्रत्येकाचा प्रश्न निराळा आहे. कोणाला काय द्यावयाचे आणि कोणाला काय नाकारावयाचे, हा निर्णय राज्यकर्त्यांचा आहे. त्याची किंमत त्यांनी पुढच्या निवडणुकीत मोजावयाची असते. हाच निर्णय 'समन्वय' या गोंडस नावाखाली कराराने दुसऱ्याकडे सोपविला की, रहिवासी सल्लागाराकडे बोट दाखवितात, सल्लागार शासनाकडे आणि शासन पुन्हा अहवालाकडे. सात वर्षांच्या अखेरीस धारावीत नेमके हेच घडले.

खात्याखात्यांच्या वर असणारी स्वतंत्र यंत्रणा मुंबईला नवी नाही. १८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्त्या मोकळ्या करण्यासाठी १८९८ साली कायद्यानेच 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रस्ते त्याने काढले. दादर-माटुंग्याच्या ज्या टुमदार वसाहतींत आमच्या वाचकांपैकी अनेकांचे बालपण गेले असेल, त्याही त्याच्याच आखणीतून उभ्या राहिल्या. त्याच्या विश्वस्तांत महापालिकेचे प्रतिनिधी होते, हिशेब प्रसिद्ध होत असे, आणि १९३३ साली तो महापालिकेत विलीनही झाला. तथापि त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ट्रस्टने जितकी बिऱ्हाडे उठविली, तितक्यांना परवडणारी घरे दिली नाहीत आणि उठविलेली माणसे शेजारच्याच चाळींत आणखी दाटीने कोंबली गेली. सारांश, यंत्रणा कायदेशीर असली तरी यादीबाहेरच्या भाडेकरूचा प्रश्न आपोआप सुटत नाही. पण निदान जाब कोणाला विचारावयाचा हे तेव्हा ठाऊक होते.

आमच्या मध्यमवर्गीय वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये. आज मुंबई-पुण्यातील असंख्य सहकारी गृहनिर्माण संस्था स्वत:च्या पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आहेत. अशा संस्थेला सल्लागार नेमावयाचा असेल, तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) अन्वये शासनाने ३ जानेवारी २००९ रोजी काढलेले आणि ४ जुलै २०१९ रोजी सुधारलेले निर्देश पाळावे लागतात. विशेष सर्वसाधारण सभा बोलवा, गणपूर्ती पाहा, अनुभवी सल्लागारांची दरपत्रके मागवा, सभेतच निवड करा, कामकाजाचे चित्रीकरण करा, इतिवृत्त सभासदांना द्या, सल्लागाराचा अहवाल सर्वांना पाहावयास ठेवा, विकासक पदाधिकाऱ्यांचा नातलग नसावा याची खात्री करा. या निर्देशांचे पालन सर्वत्र प्रामाणिकपणे होते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण निदान भांडण्यासाठी एक आधार आहे. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक सभेत उभे राहून 'सल्लागाराचे पैसे कोण देतो आहे?' असा प्रश्न विचारू शकतात आणि त्याचे उत्तर सचिवाला इतिवृत्तात नोंदवावे लागते. वीस बिऱ्हाडांच्या सोसायटीवर शासनाने जी बंधने घातली, ती लाखो माणसांच्या वस्तीचा समन्वयक नेमताना शासनाने स्वत:वर घालून घेतली काय? घेतली असती, तर २००४ ते २०११ या काळाचे चित्र पुष्कळ वेगळे दिसले असते.

पुण्याचे उदाहरणही जाता जाता पाहण्यासारखे आहे. २०१५ च्या स्मार्ट सिटी अभियानात पुण्याने मॅकिन्झी या बहुराष्ट्रीय सल्लागार कंपनीचे साह्य घेतले आणि क्षेत्रविकासासाठी निवड झाली ती औंध-बाणेर-बालेवाडीची. शनिवार, कसबा, भवानी या ज्या पेठांत पडके वाडे, जुने भाडेकरू आणि अरुंद बोळ यांचा खरा गुंता आहे, तो भाग बाजूस राहिला. जेथे दृश्य परिणाम लवकर दिसेल तेथे काम सुचविणे हा सल्लागाराचा स्वभावधर्मच म्हटला पाहिजे. मुदतीच्या करारावर आलेला माणूस वारसाहक्काचे तीन पिढ्यांचे दावे सोडवीत कशाला बसेल? ते काम नगराचे आहे, आणि मार्च २०२५ मध्ये अभियान संपले तरी ते तसेच पडून आहे.

धारावीत आता पुन्हा हालचाल सुरू आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ५,०६९ कोटी रुपयांची बोली लावून अदाणी समूह अग्रस्थानी आला आणि जुलै २०२३ मध्ये काम त्याच्याकडे सोपविण्यात आले. त्यासाठीच्या कंपनीत समूहाचा वाटा ८० टक्के आणि शासनाचा २० टक्के. बृहत् आराखड्याला मे २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरील पात्र रहिवाशांना धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर मिळावयाचे आहे. त्यानंतरच्यांना आणि वरच्या मजल्यांवरील रहिवाशांना धारावीबाहेर. बाहेर म्हणजे कोठे, हा प्रश्न कुर्ला, मुलुंड, कांजूरमार्ग येथील जागांभोवती घोटाळतो आहे. आमचा आक्षेप कोणत्याही उद्योगसमूहाच्या नावाला नाही. खाजगी भांडवल आणि खाजगी कौशल्य यांच्यावाचून एवढे काम होणार नाही, हे मान्यच करावे लागेल. वीस वर्षे कागद रंगविण्यापेक्षा विटांवर विटा चढलेल्या केव्हाही बऱ्या.

परंतु २००४ साली समन्वयक निदान निराळा होता आणि विकासक निराळे. आता मोजणी, आराखडा, बांधकाम आणि विक्री यांचा बराचसा भार एकाच कंपनीच्या छत्राखाली आला आहे. तिच्यावर लक्ष ठेवणारे धारावी पुनर्विकास प्रकल्पाचे शासकीय कार्यालय आहे, हे खरे. पण ज्या शासनाने लक्ष ठेवावयाचे, तेच कंपनीत भागीदारही आहे. त्यात भर अशी की, मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. म्हणजे निविदा उघडली, कार्यादेश निघाला, आराखडा मंजूर झाला, त्या संपूर्ण काळात धारावीचा एकही निवडून आलेला नगरसेवक सभागृहात प्रश्न विचारण्यासाठी नव्हता. बरीचशी जमीन ज्या महापालिकेची, तिचे सभागृहच अस्तित्वात नव्हते!

तेव्हा सोसायटीला लागू असलेला नियम धारावीलाही लावावा, एवढीच आमची मागणी आहे. जो कोणी समन्वय करीत असेल, त्याच्या नेमणुकीचा करार, त्याचा मोबदला आणि तो कोणाकडून मिळतो याचा तपशील मराठीत छापून विभाग कार्यालयाच्या फलकावर लागावा. पात्र-अपात्रतेच्या याद्यांवरील हरकती त्याच्यासमोर नव्हे, तर कंपनीशी काहीही संबंध नसलेल्या अधिकाऱ्यासमोर ऐकल्या जाव्यात आणि निकालाची कारणे अर्जदाराच्या हाती लेखी पडावीत. कामाचा त्रैमासिक अहवाल महापालिकेच्या सभागृहापुढे यावा व तेथे त्यावर चर्चा व्हावी. आराखडा मंजूर झाला म्हणून यासाठी उशीर झालेला नाही. वरच्या मजल्यांवरील भाडेकरूंचे दावे आणि कारखानदारांच्या जागांचे हिशेब मिटावयास पुष्कळ अवधी लागणार आहे.