गरिबाच्या मुलाला कमी का?

‘जे आयकरच भरत नाहीत, त्यांना परतावा कसला?’ मुलांसाठीच्या टॅक्स क्रेडिटचा, म्हणजे करातून वजा होणाऱ्या किंवा परत मिळणाऱ्या रकमेचा, विषय निघाला की अमेरिकेतल्या राज्यांत हा सवाल हमखास येतो. सवाल बिनतोड वाटतो खरा. पण वॉशिंग्टन राज्यात पगारावर राज्याचा आयकरच नाही. तिथल्या तिजोरीत मोठी भर विक्रीकराची, आणि तो सफाई कामगारालाही चुकत नाही. म्हणूनच 2023पासून ते राज्य कमी उत्पन्नाच्या कष्टकरी कुटुंबांना पैसे परत देते. तीन मुलांपर्यंत ही रक्कम वाढत जाते.

केंद्राचे क्रेडिट असताना राज्याने पदरमोड का करावी, हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर केंद्राच्याच हिशेबात आहे. वर्षाला 12,000 डॉलर कमावणारी, दोन मुलांची एकटी आई घ्या. पहिले 2,500 डॉलर वगळून उरलेल्या कमाईच्या 15 टक्के, म्हणजे 1,425 डॉलर तिच्या हाती पडतात. तेही दोन्ही मुलांचे मिळून! चार लाख डॉलर कमावणाऱ्या जोडप्याला मात्र 2025च्या कायद्याप्रमाणे दोन मुलांचे पूर्ण 4,400.

मिनेसोटाने 2023मध्ये ही उलटी तऱ्हा मोडली. मुलामागे 1,750 डॉलर, किमान कमाईची अट नाही. उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की रक्कम घटते. त्या आईच्या पदरात तिथे आणखी 3,500 डॉलर पडतात.

‘फुकटचा पैसा मिळाला की लोक काम सोडतील’ ही भीतीही जुनीच. 2021मध्ये केंद्राने कमाईची अट काढली आणि जुलै ते डिसेंबर निम्मी रक्कम दरमहा दिली. अशी योजना कायम झाली तर पंधरा लाख पालक काम सोडतील, असे भाकीत काही अर्थतज्ज्ञांनी केले होते. त्या महिन्यांच्या बहुतेक अभ्यासांत तशी गळती दिसली नाही. सहा महिने हा काळ थोडा, हे मान्य. पण सरकारी मदत धरून मोजलेली बालदारिद्र्याची टक्केवारी त्या वर्षी 5.2 होती, योजना गुंडाळल्यावर, 2022मध्ये, ती 12.4 झाली.

खर्चाचा मुद्दा मात्र रास्त आहे. राज्यांना अंदाजपत्रकाची तोंडमिळवणी करावीच लागते. म्हणून कोलोरॅडोने आपले क्रेडिट महसूलवाढीशी बांधले. पण मंदीत महसूल आटतो आणि नोकऱ्याही जातात. नेमकी तेव्हाच मदत आखडते. त्यापेक्षा मिनेसोटासारखी उत्पन्नाची मर्यादा घालावी आणि तान्ह्या मुलांना आधी धरावे. न्यूयॉर्कने वर्षानुवर्षे उलटे केले: 2023पर्यंत चार वर्षांखालची मुले वगळलेलीच होती. आता, 2025पासून, त्याच वयाला सर्वाधिक, 1,000 डॉलरपर्यंत मिळतात.