श्रावणात रंधा नको

पावस गावातल्या आमच्या घरातलं माजघराचं दार श्रावणात फुगतं. खांद्याचा रेटा दिल्याशिवाय हलत नाही, आणि हललं की असं करकरतं की परसातली माणसं मान वर करून बघतात. काही वर्षांपूर्वी मी हट्टाने भर पावसाळ्यात त्याला रंधा मारून घेतला. दार अलगद लागायला लागलं. पौषात पाहिलं, तर चौकटीशी करंगळी जाईल एवढी फट, आणि पहाटेचा गारठा थेट आजीच्या अंथरुणापर्यंत. त्या कडेला शेवटी सागाची पट्टी जोडावी लागली.

लाकूड कापून, सुकवून पन्नास वर्षं झाली तरी हवेतला ओलावा घेणं-सोडणं थांबवत नाही. हा ओलावा पेशींच्या भिंतींत मुरतो आणि भिंती फुगतात. सुक्या लाकडाच्या वजनाच्या २८-३० टक्के पाणी मुरेपर्यंत हे चालतं. पुढचं पाणी नुसतं पोकळ्यांत साठतं, आकार वाढत नाही. हवेत ६० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात साधारण ११ टक्के पाणी राहतं, ९० टक्के असेल तर २०. एवढ्या फरकाने, मुळात कमी हलणाऱ्या सागाचीही फूटभर रुंदीची फळी चार-पाच मिलिमीटर वाढू शकते. लांबीत मात्र जवळजवळ काहीच नाही.

जुन्या सुतारांना हे आकडे लागत नव्हते. दिल्हेदार दार जवळून बघा. मधली फळी, म्हणजे दिल्हा, दाराच्याच चौकटीच्या खाचेत सैल सोडलेला असतो. खिळा नाही, सरस नाही. त्याला हलायला जागा ठेवलेली असते. आमच्या दाराचा दिल्हा थंडीत आकसतो तेव्हा हिरव्या रंगाच्या कडेला कोऱ्या लाकडाची दोऱ्याएवढी रेघ उघडी पडते. पावसाळ्यात ती पुन्हा खाचेत जाते. मला ती रेघ फार आवडते. ती झाकायला म्हणून खाचेत पुट्टी भरू नका. दिल्हा जखडला की तडकतो.

रंगाने ओलावा थांबत नाही, फक्त सावकाश शिरतो. तेही रंग चारही कडांना लागला तर. दाराची वरची आणि खालची कड बहुतेक घरांत कोरीच राहते, आणि उभ्या पट्ट्यांची टोकं तिथेच उघडी असतात. टोकाकडून लाकूड सर्वांत भराभर पाणी ओढतं.

यंदा दार अडलं तेव्हा वाडीतल्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी कडेवरून हात फिरवला, रंधा पिशवीतच ठेवला. "तोवर मेणबत्ती घासा," म्हणाले. "मार्गशीर्षात येतो. तेव्हाही घासत असेल, तरच काढू."

दिवाळीनंतर दार उतरवून आम्ही खालची कड रंगवली. काका आले, त्यांनी दार दोनदा उघडमीट केलं, आणि चहा घेऊन गेले.