झीज की दोष?

मोटार ही आता केवळ श्रीमंतांची हौस राहिलेली नाही. बँकेचे कर्ज काढून, पाच-सात वर्षांचे हप्ते अंगावर घेऊन मध्यमवर्गीय कुटुंब ती दारात आणते. अशा गाडीचे शॉकअप, लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट हप्ते फिटण्याच्या कितीतरी आधी निकामी झाले, तर कार्यशाळेत बहुधा एकच उत्तर मिळते : रस्ते खराब आहेत, ही नैसर्गिक झीज आहे, वॉरंटीत बसत नाही. हे उत्तर मुकाट्याने ऐकून पैसे मोजण्याची सवय आता मोडली पाहिजे.

यंत्राचा प्रत्येक भाग झिजतो, हे खरेच आहे. उन्हाने बुशचे रबर कडक होऊन तडकते, शॉकअपचे सील गळून तेल झिरपते, बॉल जॉइंटचे रबरी आवरण फाटले की आत धूळ शिरते. परंतु झिजण्यालाही एक वय असते. त्या वयाआधीच भाग गेला, तर ती झीज नव्हे, तो दोष आहे. प्रश्न केवळ खडखडाटाचा नाही. शॉकअप गेलेली गाडी ब्रेक लावल्यावर उशिरा थांबते, टायर एका बाजूने खातात; आणि भर महामार्गावर बॉल जॉइंट निखळला, तर घरातील माणसांचे प्राण पणाला लागतात.

जळगावच्या मेहरूण परिसराचेच उदाहरण घ्या. तलावाची आणि बोरांची ही प्रसिद्ध वस्ती. येथील गाडीला उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या घरातले तापमान नवे नाही. तापीखोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचे रस्ते खचतात. धुळे-जळगाव महामार्गाच्या रखडलेल्या चौपदरीकरणाचा त्रास खान्देशाने वर्षानुवर्षे सोसला. यातले काहीही गुपित नाही. येथे विक्री करायची आणि तक्रार आली की येथल्याच रस्त्यांकडे बोट दाखवायचे, हा कुठला न्याय? रस्त्यांसाठी शासन आणि महापालिका यांना जाब विचारलाच पाहिजे. पण त्यांच्या चुकीने उत्पादकाची चूक धुतली जात नाही.

ग्राहकावर दोष ढकलण्याची ही रीत जगभर चालते. २०२० साली चीनच्या नियामकाच्या पवित्र्यापुढे टेस्ला कंपनीने सस्पेन्शनच्या दोषासाठी जवळजवळ ३० हजार मोटारी परत बोलाविल्या. त्याच सुमारास अमेरिकेच्या नियामकाला मात्र तिने कळविले, की हा दोष नसून चालकांच्या गैरवापराचा परिणाम आहे. मोटार तीच, कंपनी तीच. फरक पडला तो समोरची यंत्रणा किती खंबीर आहे याचा. हीच टेस्ला जुलै २०२५ मध्ये मुंबईत दाखल झाली आहे.

आपल्या हाती साधने नाहीत असे नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. अकाली निकामी झालेल्या भागाबद्दल सदोष वस्तू म्हणून, आणि दोषामुळे माणसाला इजा झाल्यास उत्पादन-दायित्वाखाली दाद मागता येते. ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेच जाता येते. मुदत दोन वर्षांची. एअरबॅग न उघडल्याच्या ह्युंदाई प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. आघाताचे भौतिकशास्त्र ग्राहकाने जाणावे, अशी अपेक्षा ठेवता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. हेच तत्त्व सस्पेन्शनलाही लागू व्हावयास हवे.

१ एप्रिल २०२१ पासून सदोष वाहने सक्तीने परत बोलाविण्याचे नियमही अमलात आले आहेत. सात वर्षांच्या आतील वाहनांना ते लागू असून दंडाची तरतूद एक कोटी रुपयांपर्यंत आहे. परंतु ही यंत्रणा हलते ती नोंदविलेल्या तक्रारींच्या संख्येवर. वर्षाला दहा हजारांहून अधिक खपणाऱ्या मोटारीबाबत १,२५० तक्रारींची मर्यादा ठरविली आहे. जो ग्राहक कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये निमूटपणे भाग बदलून घेतो, त्याचा दोष कोणाच्याच दप्तरी लागत नाही. त्याचे मौन पुढच्या कुटुंबाच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून एक मागणी ठामपणे करावयास हवी. प्रत्येक उत्पादकाने सस्पेन्शनच्या भागांचे किमान आयुष्य किलोमीटर आणि वर्षे यांत वॉरंटी-पत्रकावर छापावे. हे अशक्य नाही. पुण्यात एआरएआय आहे, इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचे चाचणीमार्ग आहेत. खडबडीत मार्गावर गाडी फिरवून भाग किती टिकतो हे पाहिल्यावाचून उत्पादक ती बाजारात आणत नाही. म्हणजे आकडा त्याच्याजवळ असतो; तो फक्त ग्राहकाला सांगितला जात नाही. एकदा तो छापला गेला, की त्याआधी झालेल्या बिघाडाचा खुलासा उत्पादकाने करावा, ग्राहकाने नव्हे.

तोवर ग्राहकानेही शिस्त पाळावी. सर्व्हिसिंग वेळेवर करावे, प्रत्येक पावती जपावी. तक्रार तोंडी न करता जॉब कार्डावर लिहून घ्यावी. वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मागावे, आणि पैसे भरून बदललेला जुना भाग घरी आणावा. तोच पुढे पुरावा ठरतो. मुख्य म्हणजे एकट्याने भांडू नये.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये आला. संघटन आधी उभे राहिले आणि कायदा मागून आला. आज कायदा आहे, नियम आहेत. एकाच वसाहतीतील एकाच मॉडेलच्या दहा मालकांनी आपली जॉब कार्डे एकत्र ठेवली, तरी 'रस्ते खराब आहेत' हे उत्तर तिथल्या तिथे लंगडे पडेल.