गेमचं म्युझिक ऐकायला लोक तिकीट काढून का जातात? आणि यवतमाळच्या पोरांना ते कधी ऐकायला मिळणार?

पबजीची मॅच सुरू होण्याआधी लॉबीत वाजणारी ती धून आठवतेय? दारव्हा असो की उमरखेड, कुठल्याही कट्ट्यावर ती वाजवून बघा, चार पोरं तरी लगेच मान वर करतील. पबजीची ही मूळ थीम टॉम साल्टा या अमेरिकन संगीतकाराची. पण आपल्याकडे धून सगळ्यांना पाठ आणि नाव कुणालाच माहिती नाही, असा मामला आहे.

जगात मात्र अशा धुनांसाठी हॉल भरतात. स्टेजवर साठ-सत्तर वादक, मागे मोठ्या पडद्यावर गेममधले सीन आणि समोर तिकीट काढून आलेले श्रोते. हा प्रकार नेमका काय आहे आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यापर्यंत तो का पोहोचत नाही, हेच समजून घेऊ.

सुरुवात कुठून झाली?

जपानमधून. 1986 मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' नावाची गेम आली. ती ज्या मशीनवर चालायची, त्यातून एका वेळी जेमतेम तीन सूर आणि सोबत ठेका एवढंच निघायचं. त्यामुळे संगीतकाराची सगळी भिस्त चालीवर. संगीतकार कोइची सुगियामा यांनी तेच संगीत ऑर्केस्ट्रासाठी बांधलं आणि 20 ऑगस्ट 1987 ला टोकियोच्या सनटोरी हॉलमध्ये त्याची मैफल झाली. नाव होतं 'फॅमिली क्लासिक कॉन्सर्ट'. म्हणजे पोरांसोबत आई-बाबांनीही यावं, असा हिशोब.

जपानबाहेर पडायला पुढची 16 वर्षं गेली. 2003 मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहात अशी मैफल झाली. 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनात सगळ्या देशांचे खेळाडू मैदानात आले, तेही गेमच्याच संगीतावर. 2022 मध्ये लंडनच्या बीबीसी प्रॉम्समध्ये पहिल्यांदा गेमच्या संगीताचा कार्यक्रम ठेवला गेला. 2023 पासून ग्रॅमीमध्ये गेमच्या संगीतासाठी वेगळा पुरस्कारही आहे.

गेममधलं संगीत स्टेजवर वाजवणं अवघड का?

भजनात बुवा एखादी ओळ घोळवत ठेवतात आणि रंग चढला की लय वाढवतात. गेमचं संगीत साधारण असंच चालतं. खेळणारा एका जागी दहा सेकंद थांबेल की दहा मिनिटं, हे संगीतकाराला माहीत नसतं. म्हणून तुकडे फिरत राहतील अशीच रचना केलेली असते. शत्रू आला की ढोल वाढतो, तो गेला की बासरी उरते.

स्टेजवर खेळणारा कुणी नसतो. त्यामुळे सुरुवात, चढ आणि शेवट कुणीतरी नव्याने बसवावा लागतो. पडद्यावरच्या सीनशी मेळ राहावा म्हणून संचालकाच्या कानात अनेकदा ठेक्याची टिकटिक सुरू असते.

मग आपल्याकडे अडतंय कुठे?

पहिली अडचण वादकांची. मुंबईच्या एनसीपीएमध्ये 2006 साली सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा देशातला एकमेव व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा मानला जातो. म्हणजे यवतमाळपासून जवळपास 700 किलोमीटर. मुंबईची गाडी पकडायची तर आजही अनेकांना आधी धामणगाव गाठावं लागतं.

दुसरी अडचण पैशांची. जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईत कोल्डप्लेचे तीन शो झाले. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी 'कॉन्सर्ट इकॉनॉमी'चा उल्लेख केला. पण ही इकॉनॉमी स्टार आणि स्टेडियमवर चालते. गेमच्या मैफलीला स्टार गायक लागत नाही, तरी साठ-सत्तर वादकांचं मानधन ठरलेलं असतं. श्रोते तीनशे आले काय नि हजार आले काय, हा खर्च कमी होत नाही.

तिसरी अडचण परवानगीची. जाहीर कार्यक्रमात संगीत वाजवायचं तर हक्कधारकाचं लायसन्स लागतं. पडद्यावर गेमचे सीन दाखवायचे, तर त्याचीही परवानगी घ्यावी लागते.

यवतमाळला श्रोते नाहीत का?

असं म्हणायला जागा नाही. 11 ते 13 जानेवारी 2019 ला 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहराने भरवलं. इथला नवरात्रोत्सव विदर्भात प्रसिद्ध आहे. गर्दी जमवण्याची आणि मांडव सांभाळण्याची सवय मंडळांना आहेच. लग्नात, मिरवणुकीत कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड वाजवणारी पोरंही आहेत. परवानगी घेऊन कीबोर्ड, व्हायोलिन, बासरी आणि तबला अशा पाच-सहा जणांतही गेमच्या धुनांचा कार्यक्रम बसवता येईल. शिवाय या संगीतात बहुतेक वेळा शब्दच नसतात, त्यामुळे भाषेचाही अडसर नाही.

यात खरा प्रश्न काय आहे?

प्रश्न कामाचा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने 2020 मध्ये 'राजी' ही गेम काढली. भारतीय पुराणकथांवर आधारलेली ही गेम त्या वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'च्या नामांकनात होती. तिचे संगीतकार लिनोस त्झेलिओस ग्रीसचे आहेत. त्यात चूक काहीच नाही. पण पुढची 'राजी' बनेल तेव्हा संगीतासाठी विदर्भातल्या कुणाचं नाव विचारात घेतलं जाईल का?

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. त्यानंतर सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठीचं धोरण मंजूर केलं. जुगार वेगळा आणि गेम वेगळी, हे आता कायद्यातच आलंय. पण गेमिंग म्हटलं की अजूनही बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कोडिंग आणि ग्राफिक्सच येतात. संगीत आणि ध्वनी हेही त्यातलंच काम आहे. ते शिकायची सोय मुंबई-पुण्यापुरतीच राहिली, तर पुसद-वणीच्या कीबोर्डवाल्या पोराला या धोरणाचा उपयोग नाही.

मोठा ऑर्केस्ट्रा यवतमाळला यायला वेळ लागेल. तोवर कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एक तास गेमच्या धुनांसाठी ठेवता येईल. आणि ती धून कुणाची, हे माईकवरून सांगायला पैसे लागत नाहीत.